स्वसंरक्षणाचे पिस्तूल: भरवसा किती?
सुरतच्या सचिन भागातील विशेष आर्थिक क्षेत्रात हिऱ्यांचे कारखाने आहेत. जोखीम बाळगणाऱ्यास शस्त्रपरवान्याचा विचार सुचणे स्वाभाविक. 9 मिमी पिस्तूल सामान्य नागरिकास निषिद्ध असल्याने निवड बहुधा .32 बोअरवर येते.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसके निघाले, तर चाप पुन्हा ओढताच पुढचे समोर येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात मात्र आधीच्या बाराच्या जोरावरच पुढची गोळी भरली जाते. त्यामुळे मॅगझीनचे वाकलेले ओठ, जुने काडतूस किंवा नुसती सैल पकडही ही साखळी तोडते. मग स्लाइड हाताने मागे खेचावी लागते, आणि हे सरावाविना ऐनवेळी साधत नाही. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत गंजाचीही भर पडते. कानपूरच्या आयुध कारखान्याने 2014 मध्ये महिलांसाठी आणलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरच होते.