मीटर एकाचं, बिल दुसऱ्याचं

आज जाऊया अमेरिकेत, टेक्सासला. १ जानेवारी २००२ पासून तिथल्या बऱ्याच भागांत वीज कुणाकडून घ्यायची हे ग्राहक ठरवू लागले. तारा आणि मीटर मात्र वितरण कंपनीचेच राहिले: डॅलसकडे ऑन्कॉर, ह्यूस्टनमध्ये सेंटरपॉइंट.

नवे विक्रेते आले खरे, पण घरांचं रीडिंग महिन्यातून एकदाच. वीज भरदुपारी वापरली की मध्यरात्री, कळणार कसं? हिशोब सरासरीवर, म्हणून सगळ्यांचे प्लॅन जवळपास सारखेच.

२००८ नंतर या कंपन्यांनी स्मार्ट मीटर बसवले. दर १५ मिनिटांची नोंद विक्रेत्यांनाही मिळू लागली. ‘रात्रीची वीज फुकट’ असे प्लॅन त्यातूनच निघाले.

पण मला फेब्रुवारी २०२१ विसरता येत नाही. ग्रिडी ही कंपनी घाऊक भावानेच वीज द्यायची, वर महिन्याला फक्त ९.९९ डॉलर घ्यायची. थंडीची लाट आली आणि भाव युनिटला ९ डॉलरवर गेला. काहींना हजारो डॉलरची बिलं आली. मार्चमध्ये ग्रिडीने दिवाळखोरी जाहीर केली.

मीटरने फक्त मोजलं. भाव चढला तर भार कुणावर, हे करारात लिहिलेलं होतं. म्हणून सांगतो, स्वस्त प्लॅन दिसला की आधी तेवढं वाचा.