ठाण्याची खाडी आणि मीठचोराची प्रेमकथा

इंग्रजी कादंबरीवाङ्मयांत चोरट्या व्यापाऱ्यास मानाचें आसन मिळालेलें आहे. जे. मीड फॉक्नर यांच्या ‘मूनफ्लीट’ (१८९८) या कादंबरींतील पोरका जॉन ट्रेंचर्ड दारूची चोरटी आयात करणाऱ्यांच्या संगतींत वाढतो, आणि त्यांचा हाडवैरी जो मॅजिस्ट्रेट, त्याच्याच मुलीवर त्याचें मन जडतें. प्रेम निष्कलंक, नायक गरीब, नायिका घरंदाज आणि मध्यें उभा कायदा! अशी कथा आमच्या ठाण्याच्या खाडीवर कां घडूं नये?

रंगभूमि तर तयारच आहे. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली व कल्याण पेशव्यांस परत मिळालें. तेव्हांपासून १८१७ पर्यंत, म्हणजे पसतीस वर्षें, ही खाडी दोन राज्यांची सरहद्द होती. दोन्ही तीरांवर बोली एक, मासळी एक, अंमल मात्र निराळा. सरहद्द आली कीं चोरवाट आलीच.

परंतु मीठचोराचें खरें युग पुढचें. १८३७ सालीं मुंबई इलाख्यांत मिठावर मणामागें आठ आणे कर बसला. १८४४ सालीं तो एक रुपया होतांच सुरतेस दंगा उसळला व सरकारनें बारा आण्यांवर समाधान मानलें. तरी १८८८ पर्यंत तो अडीच रुपयांवर, म्हणजे मूळच्या पांचपट, चढला. उधाणाचें पाणी आगरांत घ्यावें, उन्हानें आटवावें, पावसाळ्यापूर्वीं मीठ उचलावें, हें कष्टाचें काम मुख्यत्वें आगरी लोकांचें. त्यांचें नांवही आगरावरूनच पडलें, असें म्हणतात. पण जो दिवसभर मीठ पिकवी, त्याला कालवणापुरती चिमूट कर भरूनच विकत घ्यावी लागे. खाजणांत आपोआप सांचलेलें मीठ खरवडणें हाही गुन्हाच! १८९२ च्या कायद्यानें तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही सरकारी नजर बसली.

येथेंच दोन देशांच्या कथा वेगळ्या होतात. इंग्लंडांतील चोरटा माल म्हणजे चहा, ब्रँडी, रेशीम. पिटनें १७८४ सालीं चहावरील जकात शेंकडा ११९ वरून साडेबारावर आणली, आणि चहाची चोरटी आयात ओसरली. तो चैनीच्या वस्तूंचा व्यापार होता, व प्रतिष्ठितांची घरें त्याचीं गिऱ्हाइकें होतीं. म्हणून त्यांतील साहसास शोभा आली. आमच्या मीठचोराच्या डोक्यावर तसलें तेज चढवितां येत नाहीं. त्याची चोरी भाकरीशीं खावयाच्या मिठाची होती.

आणि प्रेमाचें काय? जॉन ट्रेंचर्डला शेवटीं ग्रेस मिळते, कारण त्या दोघांमधील भिंत पैशाची व वैराची होती. आगराच्या धन्याची मुलगी आणि आगरी तरुण यांच्यामध्यें पैशाच्या भिंतीमागें जातीची दुसरी भिंत उभी होती. त्या काळीं तीं दोघें एका पंक्तीसही बसूं शकत नव्हतीं, मग एका घरांत कोठून राहणार? त्यांचें लग्न लावून देणारा कादंबरीकार वाचकास सुख देईल, पण इतिहासास फसवील. लग्न कां झालें नाहीं, हें जो सांगेल, त्याचीच कथा खरी. आमची ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगडा’पासून (१८७१) गड चढत आली. खाजणांत उतरण्याचें तिला क्वचितच सुचलें.

१९३० सालीं एक नवल घडलें. ज्या कृत्यासाठीं खाडीकांठची बाई चोर ठरत होती, तेंच कृत्य करून वकील, प्राध्यापक व व्यापारी अभिमानानें तुरुंगांत गेले. १९४७ सालीं तो करही गेला. सुशिक्षितांच्या मुठींतील मीठ सत्याग्रह ठरलें, हें योग्यच झालें. पण त्यापूर्वीं कित्येक वर्षें ज्यांच्या ओटींतील तेंच मीठ चोरी ठरलें, त्यांस आम्हीं काय म्हणावें? एवढ्या एका प्रश्नासाठीं तरी ती न लिहिलेली प्रेमकथा कोणीतरी लिहावी.