स्टेरॉइडचे दीर्घ उपचार आणि दृष्टीचे रक्षण

नवी दिल्ली : दमा, आमवात, ल्युपस, पेम्फिगससारखे त्वचाविकार, लहान मुलांमधील नेफ्रोटिक सिंड्रोम, अवयव प्रत्यारोपण, कुष्ठरोगातील दाहक प्रतिक्रिया अशा अनेक व्याधींमध्ये स्टेरॉइड हे आजही वैद्यकाचे महत्त्वाचे साधन आहे. अनेक रुग्णांना ते महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षे घ्यावे लागते. या काळात डोळ्यांवर होणाऱ्या परिणामांपैकी काही शस्त्रक्रियेने दूर करता येतात, तर काही कायमचे राहतात. यांतील सर्वांत घातक परिणाम बहुधा वेदनेविना होतो. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता ठरावीक काळाने तपासणी करून घेणे हाच दृष्टी वाचवण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये आमवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोनचा प्रथम वापर केला. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखस्टाइन यांच्यासमवेत १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत, १९६० मध्ये, आमवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांमध्ये विशिष्ट प्रकारचा मोतीबिंदू आढळत असल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात झाली.

मोतीबिंदूचे वेगळे रूप

स्टेरॉइडमुळे होणारा मोतीबिंदू भिंगाच्या मागील आवरणालगत, बहुधा मध्यभागी तयार होतो. उन्हात बाहुली आकुंचन पावते आणि प्रकाशाला नेमका या डागातूनच मार्ग काढावा लागतो. परिणामी रुग्णाला सावलीत बरे दिसते, मात्र भर उन्हात किंवा समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोतात दृष्टी धूसर होते. वाचनासारखी जवळची कामेही लवकर अवघड होतात. औषधाची मात्रा आणि कालावधी वाढेल तसा धोका वाढतो. मात्रा कमी केल्याने तयार झालेला मोतीबिंदू सहसा विरघळत नाही. दैनंदिन व्यवहारात अडथळा येऊ लागल्यास शस्त्रक्रियेने कृत्रिम भिंग बसवले जाते आणि डोळ्यात अन्य दोष नसल्यास दृष्टी बहुधा चांगली परत मिळते.

काचबिंदूचा मूक धोका

काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यातील द्रव ज्या सूक्ष्म जाळीतून बाहेर पडतो, त्या जाळीचा अडथळा स्टेरॉइडमुळे वाढू शकतो. द्रव साचून डोळ्यातील दाब चढतो. हा दाब सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. वाढलेला दाब डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू हळूहळू नष्ट करतो. प्रथम कडेची दृष्टी जाते, मधली दृष्टी शाबूत राहते. म्हणून रुग्णाला बराच काळ काहीच जाणवत नाही.

स्टेरॉइडच्या थेंबांचा वापर करून १९६० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत साधारण एक तृतीयांश व्यक्तींच्या डोळ्यातील दाब मध्यम प्रमाणात वाढल्याचे आणि सुमारे ५ टक्के व्यक्तींमध्ये तो फार चढल्याचे दिसून आले. कुटुंबात काचबिंदू असलेल्यांना, मधुमेहींना आणि चष्म्याचा मोठा ऋण क्रमांक असलेल्यांना हा धोका अधिक असतो. डोळ्यात थेट टाकलेल्या थेंबांनी दाब गोळ्यांपेक्षा अधिक सहज वाढतो. औषध थांबल्यावर बहुतेकांचा दाब काही आठवड्यांत उतरतो. परंतु नसेचे झालेले नुकसान भरून येत नाही.

अन्य परिणाम

काही रुग्णांमध्ये दृष्टिपटलाच्या मध्यभागाखाली द्रव साचतो. मधोमध धुरकट ठिपका दिसणे, सरळ रेषा वाकड्या भासणे ही त्याची लक्षणे होत. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढल्यास चष्म्याचा क्रमांक काही दिवसांतच बदलल्यासारखा वाटतो. अशा वेळी नवा चष्मा घेण्यापूर्वी साखर तपासणे श्रेयस्कर. रोगप्रतिकारशक्ती दबल्यामुळे नागीण विषाणूचा किंवा बुरशीचा संसर्गही बळावू शकतो. कोविडच्या साथीत, २०२१ मध्ये, देशात म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेकी वापर ही त्यामागची प्रमुख कारणे मानली गेली.

स्वतःहून औषध थांबवणे धोक्याचे

हे परिणाम कळल्यावर काही रुग्ण घाबरून गोळ्या बंद करतात. हा निर्णय जिवावर बेतू शकतो. काही आठवडे स्टेरॉइड घेतल्यानंतर शरीरातील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे संप्रेरक तयार करणे कमी करतात. औषध एकाएकी थांबले तर रक्तदाब घसरणे, तीव्र अशक्तपणा, उलट्या, बेशुद्धी असे प्रकार घडू शकतात. मूळ आजारही उसळी घेतो. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवणे किंवा पर्यायी औषध देणे हे मूळ आजारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नेत्रतज्ज्ञांशी विचारविनिमय करून ठरवायचे असते.

प्रत्यक्षात ही दोन दालने अनेकदा एकमेकांपासून दूर असतात. संधिवाताच्या डॉक्टरांना डोळ्यातील दाब ठाऊक नसतो आणि नेत्रतज्ज्ञांना गोळ्यांची मात्रा माहीत नसते. म्हणून औषधाचे नाव, मात्रा आणि सुरुवातीची तारीख, त्याचप्रमाणे प्रत्येक तपासणीतील डोळ्यांचा दाब यांची नोंद असलेली वही रुग्णाने दोन्हीकडे दाखवणे उपयुक्त ठरते. श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड, नाकातील फवारा आणि त्वचेवरील मलमे यांचाही त्यात उल्लेख असावा. काचबिंदूवर वापरले जाणारे टिमोलोल हे थेंब दम्याच्या रुग्णात श्वासनलिका आकुंचित करू शकतात. त्यामुळे स्टेरॉइड ज्या आजारासाठी चालू आहे, तो आजार नेत्रतज्ज्ञांना सांगणे अत्यावश्यक आहे.

तपासणी केव्हा

दीर्घ उपचार सुरू होताना एकदा आणि त्यानंतर साधारणपणे सहा ते बारा महिन्यांनी डोळे तपासले जातात. मात्रा अधिक असल्यास किंवा डोळ्यांत स्टेरॉइडचे थेंब चालू असल्यास काही आठवड्यांतच दाब मोजावा लागतो. केवळ चष्म्याचा क्रमांक काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. दाब मोजणे, भिंग पाहणे आणि बाहुली विस्फारून नस व दृष्टिपटल पाहणे हे तिचे आवश्यक भाग आहेत. लहान मुले दृष्टी कमी झाल्याची तक्रार करत नाहीत. त्यांच्याबाबत पालकांनी तपासणीची तारीख चुकवू नये.

डोळे लाल होऊन दुखणे, दृष्टी अचानक कमी होणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, डोळ्याभोवती सूज येणे किंवा एकाचे दोन दिसणे ही लक्षणे आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. डोळ्यांची खाज शमवण्यासाठी जुन्या बाटलीतील थेंब वापरणे किंवा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना थेंब आणणे टाळावे. ॲलर्जीने डोळे चोळणाऱ्या मुलांना अशा थेंबांनी तात्काळ आराम पडतो. त्यामुळेच ते महिनोन्‌महिने चालू राहतात आणि काचबिंदू उशिरा ध्यानात येतो.

धूसर दृष्टीसह दिनक्रम

रुंद काठाची टोपी आणि गडद चष्मा यांनी उन्हातील चकाकी कमी होते. वाचताना दिवा डोळ्यांसमोर न ठेवता मागून किंवा बाजूने पुस्तकावर पडेल असा ठेवावा. चकाकीचा त्रास असेपर्यंत रात्री वाहन चालवणे टाळणे हिताचे. स्टेरॉइडमुळे हाडेही ठिसूळ होतात, त्यामुळे अंधूक दृष्टीत पडणे अधिक महागात पडते. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी लावणे, न्हाणीघरात आधाराची दांडी बसवणे आणि वाटेतील सतरंजी किंवा तारा हलवणे हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. मोबाइलमधील अक्षरे मोठी करण्याची आणि मजकूर वाचून दाखवण्याची सोय, तसेच हातातील भिंग यांचाही आधार मिळतो.

दृष्टी कायमची गेली असल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अंधत्व व अल्पदृष्टी या मान्य श्रेणी आहेत. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास शासकीय नोकरीतील आरक्षणासह विविध सवलतींचा लाभ घेता येतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १९७६ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत विनामूल्य उपलब्ध आहे.