कार्ड मशीन: दुकानदाराच्या खिशातून किती जातात?

गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे दिले की बँक त्यातून थोडी कपात करते. तिला एमडीआर म्हणतात. डेबिट कार्डावर हा खर्च दुकानदाराचाच. गिऱ्हाइकाकडून जादा घेता येत नाही.

समजा, मिरजेत ५०,००० रुपयांची सतार विकली. दुकानाची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१८ पासूनच्या नियमाने डेबिट कार्डावर कपात जास्तीत जास्त ०.४० टक्के, म्हणजे २०० रुपये, वर जीएसटी. रुपे डेबिट कार्ड किंवा बँक खात्यातून यूपीआय असेल, तर १ जानेवारी २०२० पासून शून्य. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. दर २ टक्के ठरला असेल तर १,००० रुपये गेलेच!

म्हणून सातारा असो की सांगली, मशीन घेण्याआधी प्रत्येक कार्डाचा दर आणि महिन्याचं भाडं लेखी मागून घ्या.