शस्त्र अधिनियम, भारतातील
नागरिकांनी शस्त्रे व दारूगोळा बाळगणे, विकणे व त्यांची ने-आण करणे यांचे नियमन करणारा कायदा. १८५७ च्या उठावानंतर देश निःशस्त्र करण्याचे जे धोरण ब्रिटिशांनी अवलंबिले, त्याला लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत (१८७६–८०) १८७८ च्या अधिनियमाने स्थिर रूप दिले. त्याखालील नियमांनी यूरोपीयांना परवान्यातून सूट दिली होती. त्यामुळे बंधनापेक्षा त्यातील वंशभेदच सुशिक्षितांना अधिक झोंबला. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव केला. पुढे १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत अंतर्भूत झाला.

तथापि संविधानात तो आला नाही. हरि विष्णू कामथ यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत तशी दुरुस्ती सुचविली. परकीय सत्तेविरुद्ध केलेली ही मागणी बदललेल्या परिस्थितीत लागू पडत नाही व असा हक्क गुन्हेगारांच्याही हाती पडेल, अशा आशयाचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले आणि दुरुस्ती फेटाळली गेली. अनुच्छेद १९ ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, तेही शांततेने व विनाशस्त्र. शिखांचे कृपाण मात्र अनुच्छेद २५ खाली धर्माचरणात मोडते.

१८७८ च्या अधिनियमाची जागा १९५९ च्या अधिनियमाने घेतली. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. अग्निशस्त्रास परवाना सर्वत्र आवश्यक आहे. तलवारीसारख्या शस्त्रास मात्र शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रातच तो लागतो. पिकांच्या रक्षणार्थ ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्यास, अन्य अपात्रता नसल्यास, परवाना द्यावा अशी तरतूद आहे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही, या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. ही सुधारणा महत्त्वाची होय, कारण परवाना हे पूर्वी बव्हंशी प्रतिष्ठितांचे भूषण होते.

खरा वाद कलम १४ विषयी संभवतो. सार्वजनिक शांतता वा सुरक्षितता यांसाठी आवश्यक वाटल्यास प्राधिकारी परवाना नाकारू शकतो. कारणे लेखी नोंदविणे त्यास बंधनकारक आहे. परंतु लोकहितास बाधक वाटल्यास ती तो अर्जदारास कळवीत नाही. अशा वेळी कलम १८ खालील अपिलाचा हक्क बराचसा दुबळा ठरतो.

१९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली. २०१९ मध्ये ती दोनवर आणली गेली आणि विवाहादी समारंभांत निष्काळजीपणे केलेला गोळीबार दंडनीय ठरला.