हयातीचा दाखला: सातारा-सांगलीतील निवृत्त आयुष्याचा इतिहास

सातारा शहराला ‘पेन्शनरांचे गाव’ म्हणण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि त्या म्हणण्यात तिथल्या हवेची जितकी स्तुती आहे तितकीच तिथल्या संथपणाची थट्टाही आहे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले सातारा आणि कृष्णाकाठची सांगली या दोन्ही शहरांत सकाळचे फिरणे, वाचनालयातील वर्तमानपत्र, बँकेत जाऊन पासबुक भरून घेणे, दुपारची वामकुक्षी आणि संध्याकाळची बाकावरची बैठक हा निवृत्तांचा दिनक्रम इतका रुळलेला आहे की तो वार्धक्याचा स्वाभाविक क्रमच वाटावा. वस्तुतः ठरावीक वयाला काम थांबवून दरमहा मिळणाऱ्या ठरावीक रकमेवर उरलेले आयुष्य काढणे ही या भागात जेमतेम पावणेदोनशे वर्षांची रीत आहे. ती सरकारी कचेरीने घडवली, आणि त्या आयुष्यातले किरकोळ घोटाळे व फजित्याही बहुतांशी कचेरीच्या कागदांतूनच जन्मास आल्या.

मराठेशाहीत चाकरीला वयाची मर्यादा नव्हती. कारकून, शिलेदार किंवा गडकरी अंगात बळ असेपर्यंत चाकरी करी आणि नंतर त्याचा मुलगा किंवा पुतण्या तीच जागा चालवी. वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क व त्यामागची जमीन, हीच म्हातारपणाची तरतूद असे. विद्वान ब्राह्मणांना व देवस्थानांना वर्षासन, म्हणजे दरसाल मिळणारी नेमणूक, दिली जाई, तर लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलांच्या पालनपोषणासाठी बालपरवेशी दिली जाई. या सर्व देणग्या धन्याच्या मर्जीवर अवलंबून होत्या आणि त्या घराण्याला मिळत. एका माणसाच्या सेवेची वर्षे मोजून त्याला त्याच्या मरणापर्यंत रोख रक्कम द्यावी, ही कल्पना त्यांत नव्हती.

ही कल्पना कंपनी सरकारबरोबर आली, आणि तिचे पहिले मोठे मानकरी नोकर नव्हते, तर गादीवरून दूर केलेले राजे होते, हा या इतिहासातील विरोधाभास आहे. १८१८ मध्ये शरण आलेल्या दुसऱ्या बाजीरावाला वार्षिक आठ लाख रुपये ठरवून ब्रह्मावर्तास पाठवण्यात आले; १८३९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज पदच्युत होऊन काशीस गेले आणि कंपनीच्या नेमणुकीवर राहून १८४७ मध्ये तिथेच वारले. १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजी महाराज यांच्या निधनानंतर संस्थान खालसा झाले, तेव्हा मागे राहिलेल्या राण्याही सरकारी नेमणुकीवर आल्या. राजधानीचे जिल्ह्याचे ठिकाण झाले, दरबाराच्या जागी कलेक्टर, न्यायाधीश आणि कोषागार आले, आणि त्यांच्या कचेऱ्यांत वाढलेल्या कारकुनांची पिढी उतारवयात पोहोचली तेव्हा नेमणूक खाऊन राहणाऱ्यांच्या या शहरात पेन्शन खाऊन राहणाऱ्यांची भर पडली. सांगलीत मात्र चिंतामणराव पटवर्धनांनी उभारलेले संस्थान १९४८ पर्यंत टिकले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे वाळवे, तासगाव, खानापूर या तालुक्यांतील निवृत्तांचा इतिहास बराच काळ साताऱ्याचाच इतिहास आहे.

१८७१ च्या पेन्शन कायद्याने या रकमेचे स्वरूप निश्चित केले. सावकाराला कर्जापोटी पेन्शन जप्त करता येणार नाही, ही त्यातील तरतूद निवृत्ताला दिलासा देणारी होती. पण पेन्शनविषयीचा दावा कलेक्टरच्या दाखल्याशिवाय दिवाणी न्यायालयाला चालवता येणार नाही, या दुसऱ्या तरतुदीमुळे ती रक्कम सरकारची मेहेरबानीच राहिली. स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी लगेच बदलली नाही. पेन्शन ही बक्षिसी नसून हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात स्पष्ट केले, आणि १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा खटल्यातील निकालाने निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेद करण्यास मनाई केली. दरवर्षी १७ डिसेंबरला साजरा होणारा पेन्शनर दिन याच निकालाच्या स्मरणार्थ आहे.

साताऱ्याचे निवृत्त म्हणजे केवळ पेठांतले मामलेदार आणि मुन्सफ, ही समजूत अपुरी आहे, कारण हा जिल्हा मुळात पलटणीचा जिल्हा होता. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. अशा गावांत फौजी पेन्शन हे कोरडवाहू शेतीच्या जोडीचे नियमित रोख उत्पन्न होते. निवृत्तांच्या या वर्गातील सर्वांत महत्त्वाचे नाव सुभेदार रामजी सकपाळ यांचे आहे. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते दापोलीहून साताऱ्यास आले आणि त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. पेन्शनवर मोठे कुटुंब चालणे कठीण असल्याने रामजींनी पुन्हा नोकरी धरली आणि खटाव तालुक्यात गोरेगाव येथे, दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी चाललेल्या तलावाच्या खोदाईवर ते रोखपाल झाले.

१९०१ मध्ये सुटीत मुले त्यांच्याकडे निघाली तेव्हा घडलेला प्रसंग डॉ. आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. मुलांनी येण्याचा दिवस कळवणारे पत्र पाठवले होते, पण रामजींच्या नोकराने ते वेळेवर त्यांच्या हाती दिले नाही, त्यामुळे मसूर स्टेशनावर मुलांना घ्यायला कोणी आले नाही. पत्र उशिरा पोहोचणे ही निवृत्ताच्या घरातली अगदी सामान्य चूक होती. परंतु मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा सूर बदलला, कोणी गाडीवान त्यांना गाडीत घेईना, शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे असे ठरले, आणि रात्रभरात त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. निवृत्त आयुष्यातील चुकांचा इतिहास लिहिताना ही घटना वगळता येत नाही, कारण चूक किरकोळ ठरणे किंवा संकट ठरणे हे ती कोणाच्या घरात होते यावर अवलंबून होते, हे तीतून लख्ख दिसते.

पेन्शनचे क्षेत्र विसाव्या शतकात हळूहळू रुंदावले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यास आली आणि तिच्यामुळे व इतर संस्थांमुळे दोन्ही जिल्ह्यांत खाजगी माध्यमिक शाळांचे जाळे पसरले. पण या शाळांतील शिक्षकांना साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत भविष्यनिर्वाह निधीच्या एकरकमी पैशांवरच भागवावे लागे. त्यांना पेन्शन लागू झाल्यावर निवृत्त मास्तर हा दोन्ही शहरांतील सार्वजनिक जीवनाचा कणा झाला आणि वाचनालयांची कार्यकारिणी, गणेशोत्सवाचा हिशेब, व्याख्यानमालेची निमंत्रणे ही कामे त्याच्याकडे आली. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा हा मुलूख साहजिकच पुढे आला. मात्र किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास किंवा तितकाच भूमिगत काळ कागदाने सिद्ध करावा, ही अट प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांना विचित्र होती, कारण आपला कोणताही कागद मागे राहू नये यातच भूमिगताचे कौशल्य होते. जावळी आणि पाटण तालुक्यांतून मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत गेलेल्या चाकरमान्यांच्या वाट्याला असे काही आले नाही; १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यांतील कित्येकजण निवृत्तीचे वय होण्याआधीच गावी परतले, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये आलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेने साखर कारखान्यांतील व किर्लोस्करवाडीसारख्या वसाहतींतील कामगारांना जे दिले त्याची किमान रक्कम २०१४ मध्ये दरमहा एक हजार रुपये ठरली.

पेन्शनचे पैसे हाती येण्याच्या रीतीने निवृत्ताचा महिना आखून दिला. पूर्वी महिन्याच्या आरंभी मामलेदार कचेरीतील कोषागारात जातीने हजर राहावे लागे, आणि खेड्यातल्या फौजी पेन्शनराचा बाजार, वकिलाची गाठ आणि सोयरिकीची बोलणी त्याच फेरीत उरकत. सत्तरच्या दशकापासून वाटपाचे काम बँकांकडे आले. शिलकीच्या ठेवी मात्र बहुधा आपल्याच गावच्या बँकेत ठेवल्या जात. १९१६ ची सांगली बँक आणि १९३६ ची साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक या दोन बँकांवर निवृत्तांचा विश्वास पिढीजात होता. २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआय बँकेत आणि २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, तेव्हा ठेवी सुरक्षित राहिल्या, पण काउंटरपलीकडचा ओळखीचा माणूस गेला. व्याज थोडे अधिक मिळते म्हणून काही सहकारी बँकांत पैसे ठेवलेल्यांना त्या बुडाल्यावर विम्याच्या एक लाखाच्या मर्यादेचा अर्थ कळला. ही मर्यादा पाच लाखांवर गेली ती फेब्रुवारी २०२० मध्ये.

निवृत्ताची जन्मतारीखही कचेरीचीच देणगी असते. खेड्यापाड्यांत जन्माची नोंद नसल्याने शाळेत नाव घालताना मास्तर अंदाजे वर्ष धरून १ जून ही तारीख लिहीत, कारण त्या दिवशी मुलाचे वय शाळेच्या नियमात बसे. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम असल्याने या पिढीतील असंख्य कर्मचारी ३१ मे रोजी एकाच दिवशी निवृत्त झाले. त्या दिवशी हारांचा भाव वाढे आणि एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात निरोपाची भाषणे करत फिरणाऱ्यांची तारांबळ उडे. सहाव्या वेतन आयोगानंतर वार्षिक वेतनवाढ १ जुलैला मिळू लागली, त्यामुळे मास्तरांच्या त्या अंदाजाने या मंडळींची शेवटची वेतनवाढ एका महिन्याने हुकली.

या सर्वांहून निर्णायक कागद म्हणजे हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शनर जिवंत असल्याचे प्रमाणपत्र. कोषागाराकडून आलेल्या यादीत आपल्या नावापुढे बँकेच्या अधिकाऱ्यासमोर नोव्हेंबरात सही करायची, ही त्याची रूढ पद्धत आहे, आणि ती चुकली तर माणूस धडधाकट असूनही पेन्शन थांबते. वयाबरोबर हात थरथरू लागतो, सही नमुन्याशी जुळेनाशी होते, चष्मा घरी राहतो, दुसऱ्याच शाखेच्या यादीत नाव निघते. आपण जिवंत आहोत हे समोर उभे राहून सांगणाऱ्या माणसाला कागद आणायला परत पाठवले जाणे, हा प्रकार दोन्ही शहरांतील कट्ट्यांवर दिवाळीनंतरच्या गप्पांचा ठरलेला विषय असतो. अंगठ्याच्या ठशाचा इतिहासही याच गरजेशी जोडलेला आहे. बंगालमधील हुगळी जिल्ह्यात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८७७ च्या सुमारास सरकारी पेन्शनरांचे ठसे घेण्यास सुरुवात केली ती मृताच्या नावावर नातेवाइकांनी पैसे उचलू नयेत म्हणून. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय पद्धत आली तेव्हा तीच युक्ती यंत्रावर चढली. पण आयुष्यभर खुरपे, खडू किंवा भांडी हाताळलेल्या बोटांवरील रेषा वार्धक्यात झिजतात, यंत्र त्यांना ओळखत नाही, आणि अखेर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय करावी लागली.

शहराच्या रचनेनेही या आयुष्याला आपापले धोके दिले. साताऱ्यात ‘चार भिंती’ या वास्तूकडे किंवा यवतेश्वराच्या घाटाने फिरायला जाणाऱ्यांना पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या आणि उतार जपावे लागतात, आणि खुब्याचे हाड मोडले म्हणजे पुढचा प्रवास पूर्वापार मिरजेच्या इस्पितळांकडे होतो. सांगलीत आमराई आणि कृष्णेचा घाट सपाट आहेत, पण तिथले संकट पुराचे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली, १८६९ मध्ये स्थापन झालेल्या सांगली नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजले, आणि निवृत्तांची रोजची बैठकच काही काळ मोडली. याउलट एसटीने त्यांचे फिरणे वाढवले आहे; ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना राज्यभर मोफत प्रवास मिळाल्यावर वाई, औदुंबर, नरसोबाची वाडी आणि पंढरपूर या फेऱ्या खर्चाची चिंता न करता होऊ लागल्या.

हे आयुष्य ज्या पायावर उभे राहिले तो पाया मात्र आता बदलला आहे. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन बंद केली आणि अंशदानावर, म्हणजे कर्मचारी व सरकार यांच्या मासिक वर्गणीवर, चालणारी योजना लावली. मोठ्या संपांनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हमी असलेल्या एकीकृत योजनेला मान्यता दिली, तरी ठरावीक वयाला ठरावीक रक्कम विनाचिंता मिळण्याची जुनी खात्री असलेली पिढी आता संपत जाणार आहे. त्या पिढीच्या ट्रंकांत पेन्शनची जुनी पुस्तके, बदलीचे हुकूम, फौजेतील सुटकेचे दाखले आणि ज्येष्ठ नागरिक संघांची इतिवृत्ते पडून आहेत, आणि माणूस गेल्यावर पहिली रद्दी होते ती याच कागदांची. सातारा आणि सांगलीतील वाचनालयांनी, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि मुख्यतः घरच्या मंडळींनी हे कागद आताच जपून नोंदवून ठेवावेत, कारण या दोन शहरांच्या सामाजिक इतिहासाचे ते अस्सल साधन आहे आणि पुन्हा तयार होणारे नाही.