मार्कस ऑरेलियस : कीर्ती नको म्हणणाऱ्याची कीर्ती

रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवर आपल्याला घोड्यावर बसलेला एक ब्राँझचा सम्राट दिसतो. हा मार्कस ऑरेलियस. चौकात आहे ती प्रतिकृती. मूळ पुतळा शेजारच्या संग्रहालयात ठेवलाय. मध्ययुगात असे कितीतरी पुतळे वितळवले गेले. हा मात्र वाचला, कारण लोकांना तो ख्रिस्ती धर्माला आश्रय देणारा कॉन्स्टंटाइन वाटला! आणि गंमत बघा, याच मार्कसच्या राज्यात, इ.स. 177 साली, आजच्या लिऑन शहरात ख्रिस्ती लोकांना हाल करून मारलं होतं.

इ.स. 161 ते 180 तो गादीवर होता. या काळात भयंकर साथ आली, डॅन्यूबकाठी वर्षानुवर्षं लढाया चालल्या. तिथल्या छावण्यांत त्यानं ग्रीक भाषेत स्वतःसाठी टिपणं लिहिली. मेल्यावरच्या कीर्तीला अर्थ नाही, आपल्याला आठवणारेही मरणारच, असं तो स्वतःला पुन्हा पुन्हा बजावतो. आज जगभर त्याचं नाव आहे ते याच टिपणांमुळे.

म्हणून आपण ही टिपणं जरूर वाचावीत. पण वाचताना लिऑनही लक्षात ठेवावं. सुंदर विचार लिहिणारा राजा आणि त्याचं राज्य, दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा.